बाळंतपणाचे अंदाजपत्रक

मानवी गर्भधारणेचा कालावधी शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा धरला जातो, आणि फ्रांझ नेगेले (१७७८–१८५१) या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम, म्हणजे त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवण्याची रीत, आजही हायडेलबर्गपासून वाळपईपर्यंत प्रत्येक गरोदर स्त्रीच्या कार्डावर एक तारीख लिहून देते. या तारखेला शंभरांतली चार-पाच बाळेच जन्माला येतात हे प्रसूतिशास्त्राला चांगले ठाऊक असले, तरी कुटुंबे ती कोर्टाच्या तारखेइतक्या गांभीर्याने घेतात आणि तिच्याइतक्याच सवयीने ती पुढे गेल्याचे ऐकून घरी परततात. तारखेच्या बाबतीत शास्त्राने निदान एक चुकणारे उत्तर तरी देऊन ठेवले आहे. याच २८० दिवसांत आणि त्यानंतरच्या सव्वा महिन्यात एका घराचा खर्च किती होईल, या प्रश्नाला मात्र चुकीचे उत्तर देण्याचेही धाडस कोणत्याही नेगेलेने केलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याच्या अभ्यासासाठी सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वाळपईइतके सोयीचे स्थळ सापडणे कठीण, कारण येथे प्रसूती मोफत आहे आणि तरीही तिचा हिशेब कोणालाच लागत नाही.

वाळपईला नगरपालिका असल्यामुळे ते कागदोपत्री शहर ठरते, तथापि त्याच्या भोवतालचा तालुका म्हादईच्या खोऱ्यातला, डोंगराळ आणि रानाचा असून चोर्ला घाट ओलांडला की बेळगावचा रस्ता लागतो. गावात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वरची आणि जिल्हा इस्पितळाच्या खालची जी पायरी, तिला हे नाव आहे. त्याच्या वर म्हापशाचे जिल्हा इस्पितळ, ज्याला जुनी माणसे अजून आझिलोच म्हणतात, आणि सर्वांत वर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, जे १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगते आणि ज्याला गोव्यातील वृत्तपत्रे व माणसे गोमेकॉ या नावाने ओळखतात. बाळंतपणात काही गुंतागुंत दिसली, रक्तदाब चढला, बाळ आडवे आले किंवा नुसता संशय जरी आला, तरी रुग्ण गोमेकॉत हलवला जातो. वाळपई ते बांबोळी हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे आहे, आणि या लेखातील बराचसा खर्च इस्पितळात न होता याच चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर होतो.

राष्ट्रीय पातळीवर या विषयात दोन मोठ्या योजना झाल्या. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने इस्पितळात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. गोव्यासारख्या, आरोग्यात आधीच पुढे असलेल्या राज्यांत ती ग्रामीण भागासाठी ७०० रुपये आणि शहरी भागासाठी ६०० रुपये एवढी ठरवण्यात आली. त्यानंतर १ जून २०११ रोजी आलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळातील प्रसूतीच पूर्णपणे मोफत केली. साधी प्रसूती असो वा शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, घरून इस्पितळापर्यंतची आणि एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळापर्यंतची गाडी, परतीचा प्रवास, शिवाय साध्या प्रसूतीत तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस बाळंतिणीचे जेवण, एवढे सगळे सरकारच्या माथी आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९–२१ च्या आकड्यांनुसार, गोव्यातील ९९.७ टक्के जन्म इस्पितळांत होतात, तेव्हा या योजनांचे उद्दिष्ट येथे जवळजवळ शंभर टक्के साध्य झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

आता हे मान्य केले पाहिजे की सरकारचा हेतू उदात्त होता. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याच्या हातून एक मौजेची गोष्ट घडली. बाळंतपणाच्या एकंदर खर्चात जी एकमेव बाब आधी सांगता येण्याजोगी होती, जिचा दर छापता आला असता आणि पावती मिळाली असती, नेमकी तीच बाब सरकारने माफ केली आणि बाकीच्या, ज्यांना दर नाही, पावती नाही आणि शेवटही नाही, त्या कुटुंबाकडे ठेवल्या. याच सर्वेक्षणात भारतभर सरकारी इस्पितळातील एका प्रसूतीमागे कुटुंबाच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेल्याची नोंद आहे. मोफत वस्तूची ही सरासरी किंमत होय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७–१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातील सरकारी इस्पितळात हा खर्च सुमारे २,४०० रुपये आणि खासगी इस्पितळात सुमारे २०,८०० रुपये, तर शहरी भागात अनुक्रमे सुमारे ३,१०० आणि २९,१०० रुपये आढळला. सरासरी हा शब्द दिलासा देणारा असला, तरी आजवर कोणत्याही सासऱ्याने सरासरी बिल भरल्याचे ऐकिवात नाही. काहींचे फार कमी येते, काहींचे फार जास्त, आणि सरासरी ही त्या दोघांच्या मध्ये, कोणाच्याही वाट्याला न आलेली अशी राहते.

मोफत प्रसूतीतला पैसा कोठे जातो हे पाहण्यासाठी इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभे राहावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गरोदर स्त्रीला विनामूल्य नेते, आणि तिच्यासोबत एखाद्या नातेवाइकाला. पण सत्तरीतील घरातून बाळंतपणाला एकटे कोणी निघत नाही. सासू, जाऊ, आई, मावशी आणि जिच्याविना कोणतेही बाळंतपण सुखरूप झालेले नाही अशी शेजारीण, एवढ्यांची भाड्याची गाडी रुग्णवाहिकेच्या मागोमाग होंडा, उसगाव, फोंडा करीत बांबोळीला पोचते, आणि तेथे पोचल्यावर कळते की आत एकीलाच जाता येईल. बाकीच्यांचा मुक्काम मग कँटीनमध्ये पडतो. बाळंतिणीचे जेवण सरकार देते, सोबतिणींचे देत नाही. आणि पहिलटकरणीच्या कळा, म्हणजे पहिल्या खेपेच्या स्त्रीला येणाऱ्या प्रसूतिवेदना, चौदा-पंधरा तास चालणे वैद्यकशास्त्राला सर्वस्वी सामान्य वाटत असले, तरी चौदा तासांत पाच माणसे किती भाजीपाव आणि किती चहा घेऊ शकतात याचे कोष्टक कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यातून कळा खोट्या निघाल्या, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावते परंतु प्रसूती सुरू होत नाही अशी स्थिती असली, तर सर्व मंडळी संध्याकाळी वाळपईला परततात आणि चार दिवसांनी तोच खर्च नव्याने करतात. परतीच्या प्रवासाची सोयही सरकारने केली आहे खरी; पण घरी सोडण्याचा दिवस अमावास्येचा निघाला तर बाळाला त्या दिवशी उंबरठ्यावर आणायचे नाही असे आजी ठरवते, आणि दुसऱ्या दिवशी मामाने हौसेने केलेल्या, फुलांच्या माळा लावलेल्या गाडीतून बाळ घरी येते. ही गाडी कोणत्याही योजनेत बसत नाही.

एवढे असूनही ज्या कुटुंबाला थोडीबहुत ऐपत आहे, ते साखळी, डिचोली, म्हापसा किंवा फोंड्याच्या एखाद्या खासगी प्रसूतिगृहाचा रस्ता धरते, आणि त्यामागे डॉक्टरांवरील विश्वासाइतकाच मोफत गोष्टीविषयीचा अविश्वास असतो. डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांत सुनेचे नाव कोठे घातले आहे असे विचारले जाते, तेव्हा ‘आपल्याच आरोग्य केंद्रात’ हे उत्तर देताना सासूचा आवाज किंचित खाली जातो, आणि खासगी इस्पितळाचे नाव सांगताना तो चढतो. वास्तविक गुंतागुंत झाली की त्या खासगी इस्पितळातूनही रुग्ण शेवटी गोमेकॉतच हलवला जातो, हे त्या सर्वजणींना ठाऊक असते. थोडक्यात, फार मोठ्या बिलाची भीती वाटते हे खरे, पण फार लहान बिलाची लाज वाटते, आणि लाजेचा खर्च नेहमीच भीतीच्या खर्चापेक्षा अधिक येतो.

खासगी प्रसूतिगृहात खर्चाची अनिश्चितता दूर करण्यासाठी पॅकेज नावाची व्यवस्था असते. पॅकेज म्हणजे एका ठरावीक रकमेत दिल्या जाणाऱ्या सेवांचा गठ्ठा. आणि या गठ्ठ्याचा अभ्यास करणाऱ्याने आत काय आहे यापेक्षा बाहेर काय आहे हे पाहावे, असा या क्षेत्रातील जाणकारांचा सल्ला असतो. साधारणपणे प्रसूतितज्ज्ञाचे शुल्क, प्रसूतिकक्षाचे भाडे आणि दोन-तीन दिवसांची खोली एवढे आत असते. भूलतज्ज्ञ बाहेर असतो. औषधे आणि हातमोज्यांपासून टाक्यांच्या दोऱ्यापर्यंतचे सामान बाहेर असते. बालरोगतज्ज्ञही बाहेर असतो, म्हणजे आई पॅकेजमध्ये असते आणि बाळ नसते, ही गोष्ट बाळ जन्माला आल्यानंतर साधारण दहा मिनिटांनी, बालरोगतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीच्या रूपाने बापाला समजते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागते. नवजात बाळांतील कावीळ अत्यंत सामान्य असून निम्म्याहून अधिक बाळांना ती थोडीफार होतेच, आणि ती वाढली तर बाळाला निळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली ठेवावे लागते. तथापि पॅकेज तयार करणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी ती अनपेक्षित वाटते. बाळ वजनाने कमी असले किंवा त्याला श्वासाचा त्रास झाला तर ते, लोकांच्या भाषेत सांगायचे तर, काचेत ठेवले जाते, आणि काचेचे भाडे दिवसाच्या हिशेबाने चालते. या ठिकाणी विनोद थांबवून एवढे नमूद करणे योग्य, की दर मोजण्याचा विचार ज्या बापाच्या मनातही येत नाही अशी हीच एक खोली आहे, आणि गोव्यात बहुतेक वेळा या वळणावर सरकारी इस्पितळाचा रस्ताच कुटुंबाला तारतो.

खोलीच्या वर्गाचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. अनेक इस्पितळांत खोलीचा वर्ग वाढला की केवळ खोलीचे भाडे वाढत नाही, तर डॉक्टरांच्या भेटीचे आणि शस्त्रक्रियेचे शुल्कही त्याच प्रमाणात वाढते, जणू वातानुकूलित खोलीतल्या स्त्रीच्या पोटावर टाके घालणे अधिक अवघड असते. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारच्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील २०१२ च्या नियमांत प्रत्येक सेवेचा दर स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत ठळकपणे लावावा अशी तरतूद करण्यात आली. ही तरतूद गोव्यात शब्दशः अमलात आणायची ठरली, तर फलक लावण्याआधी स्थानिक भाषा कोणती यावर सभा भरेल, १९८७ च्या राजभाषा कायद्यातील कोकणी आणि मराठी यांच्या स्थानांचा ऊहापोह होईल, दोन्ही बाजूंची निवेदने निघतील, आणि तोवर एक पिढी जन्माला येऊन शाळेतही गेलेली असेल.

पॅकेजमध्ये ‘नॉर्मल’ आणि ‘सिझर’ असे दोन दर असतात, आणि त्यांतला कोणता लागू होईल हे सांगण्यास प्रसूतितज्ज्ञ शेवटच्या घटकेपर्यंत तयार नसतो, तसे सांगणे त्याला खरोखरच शक्यही नसते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार गोव्यातील ३९.५ टक्के जन्म सिझेरियनने, म्हणजे पोट व गर्भाशय छेदून, झाले; भारताचे एकंदर प्रमाण २१.५ टक्के असून देशभरात सरकारी इस्पितळांत ते १४.३ आणि खासगी इस्पितळांत ४७.४ टक्के होते. म्हणजे देशातील खासगी इस्पितळात पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत दोन दरांपैकी कोणता लागेल, हा प्रश्न जवळजवळ नाणेफेकीवर येतो. या अनिश्चिततेवर काही कुटुंबांनी स्वतःचा तोडगा शोधला आहे. सिझेरियन करायचेच आहे असे ठरले की ते पंचांग पाहून केले जाते. भटजी नक्षत्र, तिथी आणि लग्न यांचा विचार करून पहाटे चार वाजून काही मिनिटांचा मुहूर्त काढून देतात, भटजींना दक्षिणा आणि भूलतज्ज्ञाला अपरात्री येण्याचा मोबदला दिला जातो, आणि ज्या ग्रहांनी पुढे त्या मुलाला लक्षाधीश करायचे असते त्यांची पहिली वसुली त्याच्या बापाकडून होते.

ग्रहांचा विषय निघालाच आहे, तर रक्तगटाचाही उल्लेख करणे भाग आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याचा आणि पुढील गर्भाला त्यांचा धोका होण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी अँटी-डी नावाचे इंजेक्शन गरोदरपणी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात, आणि बाजारात त्याची किंमत हजारांत असते. लग्न ठरवताना ज्या घराने गण पाहिला, गोत्र पाहिले, नाडी एक नाही ना याची दोन ज्योतिषांकडून खात्री करून घेतली आणि मुलाच्या काकांची जमीन कुळकायद्यात गेली आहे का हेही विचारून घेतले, त्या घराला दोघांच्या रक्तगटांचा शोध पाचव्या महिन्यात लागतो. नाडीदोषावर शांत करता येते. या दोषाची शांत फक्त औषधाच्या दुकानात होते.

अनपेक्षित खर्चासाठी विमा असतो, असे शिकलेला माणूस म्हणेल. आरोग्य विम्याच्या बहुतेक साध्या पॉलिसींत मात्र प्रसूतीचा खर्च वगळलेला असतो, आणि ज्या पॉलिसींत तो समाविष्ट असतो त्यांत बहुधा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून लाभ मिळू लागेपर्यंतचा काळ, दोन ते चार वर्षांचा असतो आणि रकमेलाही वेगळी मर्यादा असते. यामागचे तर्कशास्त्र असे की विमा हा अकल्पित घटनेचा उतरवायचा असतो आणि मूल होणे ही कल्पित घटना आहे. वाळपईच्या बाजारातल्या कोणत्याही आजीला या तर्काचे कौतुकच वाटेल, कारण लग्नानंतर सहा महिन्यांत तिनेही सुनेला हेच सांगितलेले असते. फरक एवढाच की आजीच्या अपेक्षेला प्रतीक्षाकाळ मान्य नसतो.

ही अनिश्चितता केवळ सत्तरीची नाही, हे सांगितल्याने कोणाचे बिल कमी होत नाही, पण सोबत मिळते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया या एकाच राज्यातील इस्पितळांत गुंतागुंत नसलेल्या साध्या प्रसूतीची आकारणी ३,२९६ डॉलरपासून ३७,२२७ डॉलरपर्यंत आढळली, आणि सिझेरियनची ८,३१२ पासून ७०,९०८ डॉलरपर्यंत. स्त्रीच्या वयाने, प्रकृतीने किंवा इस्पितळाच्या प्रकाराने या फरकाचा बराचसा भाग समजावता आला नाही. २०१६ साली तर युटा राज्यातील एका बापाने सिझेरियननंतर बाळ आईच्या छातीशी धरू देण्याबद्दल ३९.३५ डॉलरची नोंद असलेले बिल जगापुढे ठेवले. त्यावर इस्पितळाच्या बाजूने खुलासा झाला की हे शुल्क बाळाला धरण्याचे नसून त्या वेळी हजर राहिलेल्या जादा परिचारिकेचे आहे. सत्तरीतही बाळ नातेवाइकांच्या हाती देणारी आया, म्हणजे वॉर्डातील मदतनीस बाई, काही तरी मिळेपर्यंत दारात उभी असते, फक्त तिच्या शुल्काला दशांशचिन्ह नसते. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेमुळे तेथील रहिवाशांना प्रसूतीचा एक पैसाही पडत नाही. मात्र तेथील अनेक इस्पितळांच्या आवारात गाडी उभी करण्याचे तासाला पैसे पडतात, आणि कळांची गती व पार्किंगचे यंत्र यांचा एकमेकांशी संबंध नसल्यामुळे तेथील बापही अखेर बांबोळीच्या कँटीनमध्ये बसलेल्या सोबतिणींच्याच पंक्तीला येतो.

गोव्यात या प्रश्नाला सीमेचेही परिमाण आहे, आणि ते पेडणे, डिचोली व सत्तरी या तीन तालुक्यांत विशेष जाणवते, कारण या तालुक्यांच्या सोयरिकी राज्याच्या हद्दीकडे पाहून झालेल्या नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी करायचे असा रिवाज आहे, आणि माहेर किंवा सासर यांपैकी एक दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर किंवा बेळगावला असणे ही नेहमीची गोष्ट. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, त्यावर दोडामार्गात आंदोलन झाले, आणि कुडाळपासून बांबोळीपर्यंत जाण्याची पिढ्यांची सवय असलेल्या लोकांना आपण परप्रांतीय असल्याचे प्रथमच पावतीवर वाचायला मिळाले. त्याआधी २०१६ साली आलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डासाठीही गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. आता वाळपईत जन्मलेली, दोडामार्गात दिलेली आणि पहिल्या खेपेला माहेरी आलेली लेक ही कोणत्या राज्याची, हा प्रश्न रिवाजाने एका बाजूने आणि शिधापत्रिकेने दुसऱ्या बाजूने सोडवलेला असतो. रिवाजाप्रमाणे खर्च माहेरचा, कागदांप्रमाणे सवलत सासरची. आणि दोन्ही व्याह्यांची गाठ नोंदणीच्या खिडकीपुढे पडते तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याला ‘तुम्ही राहू द्या हो, मी बघतो’ असे म्हणत पाकिटाकडे हात नेण्याचा वेग शक्य तितका कमी ठेवतो.

बाळ घरी आल्यावर खर्च संपतो, असा समज फक्त बापाचा असतो, आणि तोही पहिल्याच खेपेला. डिंक, हळीव, खारीक, बदाम आणि मेथी यांचे लाडू, बाटल्यांवर एक आणि दोन असे क्रमांक घालून विकला जाणारा बाळंतकाढा, धुरीसाठी ओवा व वेखंड, शेकासाठी निखारे आणि न्हाणीसाठी दिवसातून दोनदा कढत पाणी, हे सर्व चालू होते. पूर्वी सुईण, जिला गोव्यात वैजीण म्हणत, बाळंतपणही करी आणि पुढे बाळ-बाळंतिणीला न्हाऊही घाली, आणि तिला तांदूळ, नारळ, लुगडे अशी बिदागी मिळे. बाळंतपण इस्पितळात गेल्यावर न्हाऊ घालण्याचे काम तेवढे उरले, आणि ते करणाऱ्या बाईने सर्व वैद्यकीय शुल्कांहून अगम्य अशी दरपद्धती जपली आहे. किती द्यायचे असे विचारले की ती ‘तुमच्या मनाला येईल ते द्या’ असे सांगते. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याबद्दल तक्रार तरी करता येते. मनाला येईल तो आकडा मात्र मागच्या महिन्यात शेजारच्या घराच्या मनाला काय आले होते, त्यावर अवलंबून असतो आणि त्याहून कमी असून चालत नाही.

आहाराच्या बाबतीत दर्याही हिशेबात येतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, आणि पचायला हलके म्हणून मुडदुशे द्यावे, अशी किनारपट्टीवरील समजूत सत्तरीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यानेही श्रद्धेने पत्करली आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. याचा अर्थ, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झालेल्या गर्भधारणेची प्रसूती नेमकी अशा वेळी येते की मुडदुशे वाळपईच्या बाजारात येईपर्यंत त्यांची किंमत बालरोगतज्ज्ञाच्या भेटीशी स्पर्धा करू लागते, आणि एवढे करून ती ताजी आहेत का हे मासेवालीच्या शब्दावरच ठरते. त्यातून सुटका व्हावी तर ऑगस्टच्या सुमारास बंदी उठते आणि श्रावण लागतो. कुटुंबनियोजनाच्या सरकारी पत्रकांत दोन मुलांमधील अंतराचा विचार केलेला असतो, मासळीच्या हंगामाचा नाही. सुज्ञ आज्या तो तोंडी सांगतात, परंतु त्यांचे ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी कोणी नसते.

सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, असे मानले जाते, आणि तिच्यासाठी पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याचीही रीत आहे. खासगी इस्पितळातून घरी सोडण्याचा दिवस साध्या प्रसूतीत तिसरा असल्यामुळे त्या बाळाविषयीचा पहिला लेख मात्र सटवाईच्या आधी तीन दिवस लेखापालाने लिहून ठेवलेला असतो, आणि दोघांपैकी कोणाच्याही लिखाणात नंतर बदल होत नाही.

क्वचित प्रसंगी वरील सर्व प्रकरणे टाळून बाळ रुग्णवाहिकेतच जन्माला येते. सत्तरीतील वळणे आणि पावसाळा पाहता हे अशक्य कोटीतले नाही, आणि १०८ च्या गाडीतील तंत्रज्ञांना त्याचे प्रशिक्षणही असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नियमांप्रमाणे चालत्या वाहनातील जन्माची माहिती वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी द्यायची असते; म्हणजे उसगावला थांबलेल्या गाडीतील सत्तरीच्या मुलाची कागदावर जन्मभूमी फोंडा तालुका होऊ शकते. या प्रकारात पॅकेज नाही, खोलीचा वर्ग नाही, मुहूर्त नाही आणि गाडीत एकच सोबतीण असते. निव्वळ खर्चाच्या दृष्टीने पाहिल्यास वाळपईतील सर्वांत स्वस्त बाळंतपण हेच, आणि याची शिफारस कोणीही करणार नाही.

जमेची बाजू स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे, कारण तीही खर्चाइतकीच बेभरवशाची आहे. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात, आणि २०२२ नंतरच्या सुधारित स्वरूपात दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. याखेरीज गोवा सरकारची ममता योजना आहे, जिच्यात नोंदणीकृत इस्पितळात मुलगी जन्मल्यास आईला १०,००० रुपये दिले जातात, तेही पहिल्या दोन खेपांपर्यंत. दुसरीकडे, १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये पोटातील अपत्य मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे, आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात तसा फलक लावलेला असतो. यावरून एक गणिती निष्कर्ष निघतो: पात्र कुटुंबातील दुसऱ्या बाळंतपणाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला १६,००० रुपये लिहायचे की शून्य, हे प्रसूतीपूर्वी कोणालाही समजू नये अशी कायद्यानेच व्यवस्था केलेली आहे. मुलगी झाली तर ते १६,००० रुपये येतात आणि आया दहा-वीस रुपयांवर समाधान मानते. मुलगा झाला तर ते बुडतात, आया शंभराखाली ऐकत नाही, पेढे किलोने आणावे लागतात, आणि सबंध वाड्याला चहा पाजावा लागतो. शुद्ध हिशेबाने पाहता या दोन शक्यतांमध्ये वीस-पंचवीस हजारांचा फरक सहज पडतो आणि तो सर्वस्वी मुलीच्या बाजूचा असतो. परंतु प्रसूतिकक्षाच्या दाराशी पदराला गाठ मारून नवस बोलणाऱ्या आजीला हा हिशेब मांडून दाखवण्याची हिंमत अजून कोणत्याही खात्याने केलेली नाही.